सात गुणांचा जामीन

“ताई, नमस्कार. वय 51, बँकेत नोकरी. जन्म नागपूरचा, संसारही नागपुरातच. बाबा रेल्वेत होते, लहानपण अजनीच्या क्वार्टरमध्ये गेलं. ड्युटीवरून येताना बाबा स्टेशनवरच्या स्टॉलवरून इंद्रजाल कॉमिक्स आणायचे. पुढे दादाच्या आणि माझ्या खाऊच्या पैशांतून अमर चित्र कथा, टिंकल, चाचा चौधरी, नागराज असं जमत गेलं. आज संत्र्याच्या दोन लाकडी पेट्यांत मिळून 286 कॉमिक्स माझ्याकडे आहेत. काही मराठी, बरीच हिंदी. दादाने लहानपणी काहींच्या मागच्या कव्हरवर पेन्सिलीने तारेही काढलेत, पाचपैकी.

दिवाळीनंतर ठरवलं की सगळी पुन्हा वाचायची आणि वहीत प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. एखाद्या रात्री आवराआवर लवकर झाली की बसते. कधी तीन होतात, कधी पाच. आतापर्यंत 130 झाली. पहिल्या नव्वदात फार मजा आली. कुणाला दोन दिले, कुणाला दहा. आता मात्र सगळं सारखंच वाटून राहिलं आहे. शेवटच्या चाळीसपैकी सतरांना मी बरोबर सात गुण दिलेत, मोजून पाहिलं. माझी गोडीच संपली का?

दुसरं असं. मुलगी बारावीला आहे. तिने वेताळचं, म्हणजे इंद्रजालमधल्या फँटमचं, एक कॉमिक उचललं, चाळलं आणि म्हणाली, ‘आई, हा एकटा गोरा माणूस अख्ख्या जंगलाला अक्कल काहून शिकवतो?’ त्या कॉमिकला मी नऊ दिले होते. ते खोडून तीन केले. दुसऱ्या दिवशी तीन खोडून सहा केले. वहीचा कागद फाटला.

एप्रिलमध्ये आम्ही त्रिमूर्तीनगरचं घर सोडून मनीषनगरला फ्लॅटमध्ये जाणार आहोत. तिथे माळा नाही. महिन्याभरापूर्वी पुण्याहून दादाचा फोन आला होता. मी गुण देऊन राहिली आहे हे ऐकून म्हणाला, ‘मग सोपंच आहे. सात आणि वरची ठेव, खालची विकून टाक.’ हे बरोबर आहे का? आणि गुण द्यायचे तरी कसे?”

— एक वाचक, नागपूर

आधी त्या सतरा सातांकडे बघू. पत्रात तुम्ही दोन गोष्टी एकमेकींपासून लांब लिहिल्या आहेत, मी त्या शेजारी ठेवून पाहिल्या. दादाचा फोन आला महिन्याभरापूर्वी. सातची रेघ मारली त्याने. आणि तुमच्या वहीत सातांची रांग लागली आहे तीही शेवटच्या चाळीसांत, म्हणजे जवळजवळ तेव्हापासूनच. सहा नाहीत, आठ नाहीत, नेमके सात. तुमची गोडी संपलेली नाही. तुम्ही त्या कॉमिक्सना वाचवायला धडपडताय. ज्याला सहा द्यावेसे वाटले त्याला एक गुण पदरचा घालून रेघेच्या आत ओढलंत. आणि ज्याला मनापासून आठ दिले असते तेही सातवरच राहिलं, कारण वाचताना मनात ‘हे कसं आहे’ हा प्रश्नच उरला नाही. ‘हे घरात राहील का’ एवढाच उरला. हे गुण नव्हेत, हा जामीन आहे. एकाच सुनावणीत सतरा जणांना जामीन दिलात, म्हणून सगळी सारखी वाटतात.

तेव्हा पहिलं काम हे करा, की काय ठेवायचं आणि काय विकायचं हा हिशेब त्या वहीतून बाहेर काढा. दादाला स्पष्ट सांगा की गुणांचा आणि जागेचा काही संबंध नाही. आणि जागेबद्दल बोलायचंच तर पट्टी घेऊन बसा. 32 पानी कॉमिक साधारण दोन मिलिमीटर जाड असतं. 286 कॉमिक्सची चळत दोन फुटांच्या आतबाहेर होते. जाड विशेषांक आणि डायजेस्ट धरले तरी तीन फूट म्हणू. त्याच्या चार चळती करा, एका दिवाणाखालच्या कोपऱ्यात बसतील. दोन बोजड पेट्या डोळ्यांसमोर असल्यामुळे पसारा मोठा वाटतोय, पण जागा पेट्यांनी खाल्ली आहे. माळा नसलेल्या फ्लॅटमध्येसुद्धा तीन फुटांसाठी कुणाला घराबाहेर काढावं लागत नाही.

दादाचा हिशेब व्यवहारातही टिकत नाही. जुन्या कॉमिक्सच्या बाजारात प्रतीची अवस्था बघतात आणि तो अंक किती दुर्मीळ आहे ते बघतात. त्यासाठीही दहापैकीच आकडा असतो, 0.5 पासून 10 पर्यंत. अमेरिकेत 2000 सालापासून सीजीसी नावाची कंपनी कॉमिक तपासून त्याला असा आकडा देते आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते. त्या आकड्याचा गोष्टीशी काही संबंध नसतो. गोष्ट रद्दड असली तरी प्रत कोरी असेल तर 9.8 मिळू शकतात, आणि डबीत बंद झाल्यावर ते कॉमिक वाचताही येत नाही. तुम्ही कंटाळून चार गुण दिलेला, पण पिना शाबूत आणि मधली पानं जागेवर असलेला सुरुवातीच्या काळातला इंद्रजालचा अंक एखादा संग्राहक हौसेने घेईल. तुमचं दहा गुणांचं लाडकं कॉमिक, कव्हर गेलेलं, कोडी पेनाने सोडवलेली, त्याला कुणी हातही लावणार नाही. सातखालची सगळी उचलून कबाड्याला वजनावर दिलीत तर काय गेलं हे कळायलाही मार्ग राहणार नाही. वहीत प्रतीच्या अवस्थेसाठी हवा तर वेगळा रकाना करा: कव्हर आहे का, मधली पानं सुटलीत का, पिना गंजल्यात का. पुढेमागे खरंच काही द्यायची वेळ आली तर तो रकाना उघडा. एकच गोष्ट हिंदीत आणि मराठीत दोन्ही असेल, तर तिथून सुरुवात करा.

आता वाचण्याबद्दल. रात्री पाच हा वेग या कॉमिक्सना मानवत नाही.

इंद्रजालमधले वेताळ आणि जादूगार मँड्रेक मुळात पुस्तकासाठी लिहिलेलेच नाहीत. ली फॉक यांनी 1934 मध्ये मँड्रेक आणि 1936 मध्ये वेताळ सुरू केला तो अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी. रोज एक पट्टी, तीन-चार चौकटींची. त्यातली पहिली चौकट काल काय झालं ते आठवून देणार, शेवटची उद्यापर्यंत वाचकाला लटकवून ठेवणार. मधल्या एखाद-दोन चौकटींत गोष्ट पुढे सरकणार. मार्च 1964 मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं तेव्हा या पट्ट्या कापून, जुळवून, कुठे चौकटी गाळून पुस्तिकेच्या पानांवर बसवल्या गेल्या. म्हणून आज एका बैठकीत वाचताना तीच माहिती तिसऱ्यांदा समोर येते, दर चार चौकटींनी कुणीतरी दचकतं, आणि तुम्ही मनातल्या मनात एक गुण कापता. तो दोष गोष्टीचा नाही. रोज चमचाभर प्यायचं औषध तुम्ही बाटलीभर पिताय.

आणि तुम्ही तेव्हा कसं वाचलं होतं ते आठवा. इंद्रजाल आधी मासिक होतं, मग पाक्षिक झालं, मग साप्ताहिक. तुमच्या बाबांची ड्युटी संपून अंक घरी येईपर्यंत वाट बघायची, आधी दादा वाचणार, मग तुम्ही, मग पुढचा येईपर्यंत तोच पुन्हा. आमच्या इतवारीत उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत एक मुलगा घरासमोर खाटेवर कॉमिक्स मांडून बसायचा, किरायाने, चार आण्याला एक. तिथेच सावलीत बसून वाचायचं आणि परत करायचं. चार आण्यांत एकच, म्हणून ते तीनदा वाचून व्हायचं: एकदा गोष्टीसाठी, एकदा चित्रांसाठी, आणि तिसऱ्यांदा परत द्यायचं जिवावर यायचं म्हणून. 

चाचा चौधरीचं तर विचारूच नका. व्यंगचित्रकार प्राण यांनी 1971 मध्ये लोटपोट मासिकासाठी ते पात्र उभं केलं. दोन-चार पानांत उरकणारी गंमत होती ती. चोर येणार, चाचांचा धिप्पाड साथीदार साबू एक ठोसा देणार, दरोडेखोर राका परत येणार. अशा सत्तर गमती ओळीने वाचल्यावर एकाहत्तराव्या गमतीचं मूल्यमापन कसं करणार? संत्रा बर्फीचा डबा एका बैठकीत संपवून शेवटच्या तुकड्याला गुण देण्यासारखं आहे ते.

रात्री दोन वाचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या घराण्यांतली. एक वेताळ, एक अमर चित्र कथा. नागराज असेल त्या दिवशी तो एकटाच. पेटीत ज्या क्रमाने आहेत त्या क्रमाने काढू नका.

तुमच्या मुलीचा प्रश्न मला फार आवडला, आणि त्यावर मी थोडं थांबणार आहे.

ती जे बघते आहे ते त्या कॉमिक्समध्ये आहे. पिढ्यान् पिढ्या एका गोऱ्या घराण्यातला मुखवटेवाला माणूस कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसतो आणि जंगलातल्या जमाती त्याला अमर समजून त्याचं ऐकतात. 1936 सालच्या बहुतेक अमेरिकन वाचकांना यात खटकण्यासारखं काही वाटलं नसावं. आपल्याला खटकतं, खटकलंच पाहिजे. आणि हे खटकणारी तुमची मुलगी पहिली नाही. मूळ कथांत वेताळच्या देशाचं नाव बंगाला आहे, इंद्रजालने ते बदलून डेंकाली केलं. भारतीय वाचकाच्या हातात हे देताना संपादकांनीही सगळं जसंच्या तसं ठेवलं नाही, एवढं नक्की. मँड्रेकच्या लोथारचं बघा. सुरुवातीच्या पट्ट्यांत तो बिबट्याचं कातडं आणि फेज टोपी घालून मोडकं-तोडकं बोलणारा बलदंड नोकर होता. 1965 मध्ये फ्रेड फ्रेडरिक्स यांच्याकडे चित्रं आल्यावर लोथारचे कपडे बदलले, बोलणं सुधारलं, तो मित्र झाला. तुमच्या पेट्यांत दोन्ही लोथार असण्याची शक्यता आहे, शोधून मुलीला दाखवा. अमर चित्र कथेतही देव आणि नायक बहुधा गोरे, असुर काळे आणि आडदांड, अशी रंगांची वाटणी आहे आणि अभ्यासकांनी त्यावर बरंच लिहिलं आहे. मुलीची नजर बरोबर जागी गेली आहे.

तरीही नऊ खोडायला नको होते, असं माझं स्पष्ट मत आहे. नऊ गुण तुम्ही कॉमिक वाचून दिले होते. तीन गुण न वाचता, लाजेपोटी दिले. सहा गुण लाज आणि माया यांची समजूत घालायला दिले. या तिघांत वाचनातून आलेला आकडा एकच आहे. आता ते कॉमिक पुन्हा काढा आणि मुलीचा प्रश्न मनात ठेवून पहिल्या पानापासून वाचा. कदाचित पाच येतील. कदाचित आठच राहतील आणि शेजारी एक ओळ लिहावी लागेल की वेताळचा मित्र गुरान आणि त्याच्या बांदार जमातीच्या लोकांना या गोष्टीत एकही अक्कलेचं वाक्य दिलेलं नाही. जो येईल तो आकडा नव्या ओळीत लिहा, पुढे तारीख घाला. जुना नऊ तसाच राहू द्या. फाटलेल्या जागेवर मागून पातळ कागद चिकटवा.

तारीख मला फार महत्त्वाची वाटते. तुमच्या दादाने अकराव्या-बाराव्या वर्षी पाच तारे दिलेल्या कॉमिकला आज तुम्ही चार गुण देत असाल, तर दोघंही बरोबर आहात, फक्त मध्ये चाळीस वर्षं आहेत. ते पेन्सिलीचे तारे चुकूनही खोडू नका. बाजारात त्यामुळे प्रतीची किंमत कमी होईल, होऊ द्या. एका मुलाला त्या वयात काय आवडत होतं याची दुसरी नोंद जगात कुठे नाही.

आणि वहीत मुलीसाठी एक रकाना पाडा. तुमचे गुण आधी तिला दाखवू नका. तिला वेताळचं वावडं असेल तर डायना पामर जिच्यात स्वतः काही करते अशी गोष्ट द्या. डायना संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करणारी, पट्टीची पोहणारी बाई आहे. 1977 मध्ये तिचं वेताळशी लग्न झालं त्याआधीही ती कुणाची वाट बघत खिडकीत बसलेली नव्हती. बहादूर असेल तर द्या. आबिद सुरती यांचा हा 1976 चा नायक, कुर्ता आणि जीन्स घालणारा, दरोडेखोराचा मुलगा. त्याच्यासोबतची बेला हाणामारीत त्याच्या बरोबरीने उतरते. अमर चित्र कथेच्या आतल्या पानावर पटकथा कुणाची ते छापलेलं असतं. कमला चंद्रकांत हे नाव किती वेळा सापडतं ते दोघी मिळून मोजा. त्या अमर चित्र कथेचे संपादक अनंत पै यांच्या सहसंपादक होत्या आणि कितीतरी अंक त्यांनी लिहिले. अजनीच्या क्वार्टरमध्ये तुम्ही जे वाचत होतात त्यातलं काही एका बाईने लिहिलेलं होतं, हे मुलीला ठाऊक असावं. तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

गुण कसे द्यायचे, हे आता.

कसोटीची तीन कॉमिक्स निवडा. एक असं की जे तुमच्या मते नक्की तीनचं आहे, एक सहाचं, एक नऊचं. पहिल्या नव्वदांतूनच निवडा, तेव्हा तुमचा हात मोकळा होता. ही तिन्ही वहीशेजारी ठेवा. नवीन कॉमिक वाचून झालं की आकडा मनात आणण्याआधी विचारा: हे त्या सहावाल्यापेक्षा बरं की वाईट? नऊवाल्याच्या जवळ जातं का? सोनार कसावर लावून बघतो तसं. असं केलं नाही तर डिसेंबरातला सात आणि फेब्रुवारीतला सात एकच राहत नाही. रोज नवनवीन चाखताना जीभ कुठल्या कुठे सरकते ते आपल्याला कळत नाही.

एकाच आकड्यात सगळं कोंबूही नका. गोष्ट वेगळी, चित्रं वेगळी, भाषा वेगळी. अमर चित्र कथेला 32 पानांत अख्खा जन्म बसवायचा असतो. तिथे काय गाळलं आणि जे ठेवलं ते घाईत गेलं का, हे बघायचं. वेताळमध्ये ते बघून उपयोग नाही.

चित्रांकडे मी तुम्हाला मुद्दाम ढकलते आहे, कारण दुसऱ्या वाचनाची खरी कमाई तिथे आहे. लहानपणी आपण चित्रं बघितली, चित्रकार बघितला नाही. वेताळच्या काही कथा साध्या, सपाट रेषेच्या दिसतील, त्या विल्सन मॅकॉय यांच्या. 1961 पासून सी बॅरी आले आणि जंगलात अंधार आला, घोड्याच्या अंगावर स्नायू आले, चेहऱ्यावर सावली आली. पुण्याचे प्रताप मुळीक यांचे अमर चित्र कथेचे अंक तुमच्याकडे असतील. 1986 मध्ये राज कॉमिक्सने नागराज आणला तेव्हा सुरुवातीची चित्रं त्यांचीच होती. ज्या हाताने पुराणातले देव काढले त्याच हाताने हिरव्या खवल्यांचा नागराज काढला. दोन्ही अंक शेजारी उघडे ठेवा आणि खांदे बघा, दंडाचे स्नायू बघा, उभं राहण्याची ढब बघा. राम वाईरकर यांनी अमर चित्र कथेचा ‘कृष्ण’ काढला आणि टिंकलमधला सुपंडीही काढला. लोणी खाणाऱ्या त्या गोड बाळाच्या मागे आणि सुपंडीच्या त्या लांबोळक्या डोक्यामागे एकच माणूस आहे, हे मला कळलं त्या दिवशी मी दोन्ही पुस्तकं घेऊन दुपारभर बसले होते. माझ्या गुणांत त्या दुपारीनंतर चित्रांचा रकाना कायमचा आला.

भाषेबद्दल थोडंच. तुमच्याकडे बरीच हिंदी आहेत, आणि तुम्ही ते जरा चोरून सांगितल्यासारखं सांगितलं आहे. नागपूर 1956 पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होतं. इथे मराठी घरातल्या मुलांनी हिंदी कॉमिक्स वाचली त्यात कमीपणा कसला? हिंदी म्हणून गुण कापू नका आणि मराठी म्हणून वाढवू नका. मराठी इंद्रजाल वाचताना मात्र फुग्यांतली भाषा मोठ्याने वाचून बघा. आपण गल्लीत ‘काहून बे’ म्हणत होतो आणि वेताळ इतकं शुद्ध, छापील मराठी बोलत होता की आम्ही पोट्टे खेळताना त्याच्यासारखं बोलायला लागायचो. त्या मराठीला मी आजही दोन गुण जास्तीचे देते. पण ते माझे, तुम्ही तुमचे द्या.

कॉमिकवर आकडा लिहू नका, चिकटवू तर अजिबात नका. यामागे माझी एक जखम आहे. मी पंचवीस वर्षं एका शाळेचं ग्रंथालय सांभाळलं. एका वर्षी मी कॉमिक्सवर रंगीत टिकल्या लावल्या, उत्तमला हिरवी, बऱ्याला पिवळी, सुमारला लाल. मुलांना निवडायला मदत होईल असं वाटलं होतं. दोन-तीन महिन्यांत लाल टिकलीला कुणी हात लावेना. वर्षअखेर साठा कमी करायची सूचना आली, तेव्हा ज्यांच्या कार्डावर एकही शिक्का नव्हता ती मी रद्दीत काढली, अर्थातच बहुतेक लाल टिकलीची. जूनमध्ये सहावीतला एक मुलगा आला आणि त्यातलंच एक मागू लागला. तो ते कधी घरी नेत नव्हता. मधल्या सुट्टीत खिडकीपाशी बसून तेच एक कॉमिक रोज वाचायचा आणि परत जागेवर ठेवायचा. माझ्या कार्डावर त्याची नोंद कुठून येणार? मी शहरभर जुन्या पुस्तकांच्या गाड्या धुंडाळल्या, सीताबर्डीवर तीनदा जाऊन आले. ते मिळालं नाही. त्याने पुढे काही मागितलं नाही. म्हणून वहीत आणखी एक छोटा रकाना माझ्या आग्रहाखातर ठेवा: गुण देऊन झाल्यावरही जे आपोआप पुन्हा हातात येतं त्याच्यापुढे फुली मारायची. पाच गुणांच्या किती कॉमिक्सपुढे फुल्या पडतात ते मला कळवा.

घर बदलताय म्हणून जपणुकीचं सांगते. संत्र्याच्या पेट्यांवर तुमचा जीव असेल, त्या ठेवा, त्यात दुसरं काही भरा. कच्च्या लाकडातून आम्ल सुटतं आणि कॉमिक्सचा कागद आधीच लाकडाच्या लगद्याचा, स्वतःच पिवळा पडत जाणारा. पुठ्ठ्याच्या खोक्यांत हलवा, मिळाला तर आम्लविरहित पुठ्ठा. प्रत्येकीला पॉलिप्रॉपिलीनची पारदर्शक पिशवी पुरते. वास येणारं मऊ पीव्हीसी नको, लॅमिनेशन नको, आणि फाटक्या पानाला सेलोटेप तर देवाशप्पथ नको. नवीन फ्लॅटमध्ये पश्चिमेच्या भिंतीला खोकी टेकवू नका, मे महिन्यात ती भिंत रात्रीही तापलेली असते. त्याहून महत्त्वाचं, कूलरच्या झोतात ठेवू नका. बाहेर 45 अंशांची कोरडी आग आणि खोलीत कूलरची ओली हवा, असे दोन महिने काढले की पानं फुगतात, पिना गंजतात, आणि पावसाळ्यात बुरशीला आयतं घर मिळतं. दिवाणाखाली, जमिनीपासून चार बोटं वर, फळीवर ठेवा. डांबरगोळ्या कागदाला चिकटू देऊ नका. पोळ्याच्या सुमारास, पावसाने उघडीप दिली की, सगळी बाहेर काढून सावलीत एक दुपार वारं लागू द्या. कसर लागली असेल तर तेव्हाच दिसेल.

दादाबद्दल शेवटचं. काही कॉमिक्स त्याच्या खाऊच्या पैशांची आहेत, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क आहे. पण तो पुण्यात बसून एक आकडा ऐकतो आहे, त्याच्यासमोर चित्रं नाहीत. ‘विकून टाक’ म्हणणारा माणूस आणि मागच्या कव्हरवर तारे काढणारा मुलगा यांची गाठ पडलेलीच नाही.

आज रात्री नवीन कॉमिक काढू नका. त्या सतरांतलं एक काढा, शक्यतो ज्याच्या मागे तारे आहेत असं. वहीतला सात हाताने झाकून ठेवा आणि सावकाश वाचा. मग दादाला फोन करा. तुमचा आकडा सांगू नका. गोष्ट कुठली ते सांगा, पहिल्या चौकटीत काय आहे ते वाचून दाखवा, आणि विचारा, “दादा, याला तू किती तारे दिले होते?”